राइज ऑफ नेशन्सचा दुसरा भाग यायलाच हवा

सेक्टर१७
२००४ च्या मे महिन्यात वाशीला सेक्टर १७ मधल्या एका सायबर कॅफेत आम्ही चौघं रोज दुपारी बसायचो. तासाला २० रुपये, आणि भारनियमनाच्या वेळा तोंडपाठ. तिथे भेटलेला 'राइज ऑफ नेशन्स' हा राज्य वसवून लढायचा कॉम्प्युटर गेम अजून सुटलेला नाही. गेम २००३ चा, बिग ह्यूज गेम्स या स्टुडिओचा. त्याचे कर्ते ब्रायन रेनॉल्ड्स यांनी आधी 'सिव्हिलायझेशन २' हा गेम घडवला होता. इथे त्यांनी प्राचीन काळापासून माहितीयुगापर्यंतची आठ युगं एका दुपारच्या डावात बसवली.

पण मी जीव टाकतो तो त्यातल्या सीमेवर. शहर वसवलं की त्याच्याभोवती तुमची हद्द आखली जाते. बुरुजात त्यासाठीचं संशोधन केलेलं असलं, की हद्दीत शिरलेलं शत्रूचं सैन्य एकही बाण न लागता झिजत जातं. सोबत रसदेची गाडी असेल तरच तगतं. आम्ही समोरच्या फौजेच्या वाटेलाच जायचो नाही. आडबाजूने थोडे घोडेस्वार पाठवायचे, गाड्या फोडायच्या आणि परतायचं. संताजी-धनाजींनी औरंगजेबाच्या एवढ्या मोठ्या सैन्याला दख्खनमध्ये कसं जेरीस आणलं, हे मला शाळेत नाही, त्या कॅफेत उमगलं.

याच जातीच्या 'एज ऑफ एम्पायर्स' या गेमचा चौथा भाग २०२१ मध्ये आला. देखणा आहे, मी आवडीने खेळतो. पण त्यात हद्द नाही, झीज नाही. ही कल्पना २००३ मध्येच अडकून पडली आहे आणि मला ते सहन होत नाही. दुसरा भाग हवा.

पारसिकपलीकडचा
असहमत. पुढचा भाग २००६ मध्ये येऊन गेला, 'राइज ऑफ लेजेंड्स'. तीच मंडळी होती. त्यांनी इतिहास काढून जादू आणली, काचेचे ड्रॅगन आणले, वाफेवरची यंत्रं आणली. मी कळव्याहून लोकलने जाऊन सीडी आणली होती आणि आठवड्यात परत जुन्या गेमकडे वळलो. म्हणजे खुद्द कर्त्यांनाही पुढे काय करायचं हे सापडलं नव्हतं. २०१२ मध्ये मालक कंपनी बुडाली आणि स्टुडिओ बंद पडला. हक्क मायक्रोसॉफ्टकडे. २०१४ ची एक्स्टेंडेड एडिशन, म्हणजे जुन्याच गेमची सुधारित आवृत्ती, दुसऱ्याच स्टुडिओने केली. ज्या माणसांच्या डोक्यातून हे निघालं ती तिथे नाहीत, तर दुसरा भाग नेमका कोणाकडे मागता आहात?

सेक्टर१७
हाच न्याय लावला तर 'एज'चा चौथा भागही निघायला नको होता. मूळचा एन्सेम्बल स्टुडिओ २००९ मध्येच बंद झाला. चौथा भाग रेलिक या दुसऱ्या स्टुडिओने केला, आणि लोक खेळतातच ना? 'एज २'ची तर गोष्टच वेगळी. चाहत्यांनी हौसेने केलेली भर २०१३ मध्ये अधिकृत झाली. माणसं बदलली तरी खेळ कळलेली माणसं मिळतात.

खाडीकाठची
मी महापेला सॉफ्टवेअरमध्ये आहे, गेम बनवत नाही, पण तंत्राच्या बाजूबद्दल बोलू शकते. अशा बहुतेक गेममध्ये सगळी लढाई इंटरनेटवरून पाठवत नाहीत. प्रत्येक कॉम्प्युटर अख्खी लढाई स्वतःच मांडतो, एकमेकांकडे जातात ते फक्त हुकूम. आठ जण खेळत असतील तर त्यांपैकी एका मशीनचा हिशेब केसभर चुकला तरी डाव फुटतो. त्यावर हद्द, झीज, रसद चढवा. खर्च प्रचंड, खेळाडू मोजके. रेनॉल्ड्स स्वतः कुठे वळले बघा. बिग ह्यूज गेम्स हे नाव त्यांनी पुन्हा मिळवलं आणि २०१५ मध्ये 'डोमिनेशन्स' आणला, तोही युगांचाच, पण मोबाइलवरचा. पैसा तिकडे आहे.

म्हणून दुसऱ्या भागाच्या आशेवर वर्षं घालवू नका, मूळ कोड मागा, म्हणजे गेम ज्यातून बनतो तो प्रोग्राम. ईए या गेम कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'जनरल्स' या लढाईच्या गेमचा आणि त्याच्या 'झीरो अवर' या पुरवणीचा कोड खुला केला. त्याच 'जनरल्स'चा दुसरा भाग २०११ मध्ये जाहीर झाला होता आणि २०१३ मध्ये रद्द झाला. चाहत्यांच्या हाती शेवटी कोड पडला, दुसरा भाग नाही.

नौपाडा७०
तुम्ही सगळे तंत्रात अडकलात. मूळ गेममध्ये १८ राष्ट्रं होती आणि त्यात भारत नव्हता! ताजमहाल मात्र होता, तो कोणीही बांधावा. भारत आला २००४ च्या 'थ्रोन्स अँड पेट्रियट्स' या पुरवणीमध्ये, सोबत लाल किल्ला. मराठे तिथेही नाहीत. 'एम्पायर: टोटल वॉर'ने २००९ मध्ये मराठ्यांना स्वतंत्र सत्ता म्हणून खेळायला दिलं, तेव्हा मी रात्र रात्र जागलो आहे. वर सेक्टर१७ यांनी गनिमी काव्याचं लिहिलं, तो ज्यांचा होता त्यांनाच त्या गेममध्ये जागा नसावी? माझ्यासाठी दुसरा भाग एवढ्यासाठीच हवा.

पारसिकपलीकडचा
दादा, भावना समजते. पण भगवं निशाण लावून तेच घोडे, तेच भालेकरी दिले तर मला ते नको. किल्ल्यावर दाणागोटा किती दिवस पुरेल, पावसाळ्यात तोफा घाटात कशा चढतील, हे जमणार असेल तर बोलू. नुसत्या नावासाठी नको.

नौपाडा७०
पावसाळ्यात हालचाल मंदावणं! हे मी लिहायला हवं होतं. पण बघा, दुसरा भाग नको म्हणता म्हणता तुम्हीच त्याचा आराखडा द्यायला लागलात.

सेक्टर१७
@खाडीकाठची, ताई, कोडच्या मागणीवर माझी सही घ्या. तरी माझं म्हणणं सोडत नाही. कोड मिळाला तर आपल्यासारख्यांचा जुना गेम जगेल. माझी मुलगी तिसरीत आहे. ती मोठी होईल तेव्हा तिच्या मैत्रिणींना हा गेम कळणार कुठून? नवा भाग आला की चर्चा होते, चार घरांत एकदम शिरतो. आम्ही चौघं तसेच जमलो होतो.

पारसिकपलीकडचा
त्यासाठी नवा भाग लागत नाही. माझा भाचा १२ वर्षांचा आहे, ऐरोलीला राहतो. दिवाळीत त्याला एक्स्टेंडेड एडिशन लावून दिली. चित्रं जुनाट आहेत असं तो एकदाही म्हणाला नाही. पहिल्या डावात त्याची फौज माझ्या हद्दीत येऊन विरघळली तेव्हा रडवेला झाला. तिसऱ्या डावात माझ्या गाड्या फोडून गेला.

सेक्टर१७
वा! अजून खेळतो?

पारसिकपलीकडचा
रोज. पण कॉम्प्युटरविरुद्ध. त्याच्या वर्गात कोणाला नाव माहीत नाही, आणि मला रविवारशिवाय वेळ होत नाही.