मदत हवी आहे : गाडीतला डावा स्पीकर खरखरतोय

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. चतुर्थीला आरत्या मोठ्या आवाजात लावल्या, तेव्हापासून पुढच्या डाव्या दारातला स्पीकर खरखरतो. आवाज अगदी कमी ठेवला तरी डग्गा फाटकाच ऐकू येतो. स्टिरिओमागे डाव्या-उजव्या वायरी बदलून पाहिल्या. खरखर डावीकडेच राहिली, म्हणजे स्टिरिओ ठीक असावा. मल्टिमीटरवर ४ ओहमचा उजवा स्पीकर ३.६ दाखवतो. डाव्याचा कोन (पुढचा कागदी पडदा) बोटांनी हलकेच दाबला की आकडा उड्या मारतो, आत काहीतरी घासतंही. कोनामागची तारेची कॉइलच जळली ना? की पावसाचं पाणी दारात उतरून कागदी कोन फुगला असेल? मेकॅनिक चारही बदला म्हणतो, मला ते पटत नाही. पुढची जोडीच बदलली तर चालेल का? वडिलांना गाडीत नाट्यगीतं लागतात, त्यामुळे लवकर सांगा.