वॉचमन मामांचा सुजलेला गाल आणि गेटवर वाटलेल्या गोळ्या

ए-५०४ (रविवार, सायं. ७.१२)
सर्वांना नमस्कार. आत्ता किराणा घेऊन येताना रात्रपाळीच्या मामांना पाहिले. त्यांनी कानटोपीवरून मफलर घट्ट गुंडाळला होता. थंडीमुळे असेल असे वाटले, पण त्यांनी तो बाजूला केला तेव्हा उजवा गाल जबड्याच्या खालपर्यंत सुजून कातडी चकचकीत ताणलेली दिसली. केबिनच्या खणात एका कागदी पुडीत चार निरनिराळ्या पाकिटांतून कापलेल्या गोळ्या आहेत आणि त्या सगळ्या आपल्याच घरांतून गेलेल्या आहेत. आठवडाभर ज्याला जे सुचले ते त्याने गेटवर दिले; दवाखान्यात मात्र त्यांना कोणीही नेले नाही. हे मला अत्यंत खटकले आहे.

बी-२०३ (७.१६)
ताई, काळजीचे कारण नाही. लवंगेचे तेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन दुखऱ्या दाढेत धरावे. आमच्या घरी तीन पिढ्या हाच उपाय चालत आला आहे.

सी-६०६ (७.१९)
मामा एजन्सीचे कर्मचारी आहेत, तेव्हा त्यांच्या औषधपाण्याची जबाबदारी एजन्सीची आहे. दातांच्या बाबतीत सोसायटीने पुढाकार घेतल्यावर काय होते, हे मागच्या वर्षीच्या शिबिरात सर्वांनी पाहिलेच आहे.

सचिव (७.२१)
त्या शिबिराचा विषय सर्वसाधारण सभेत संपला आहे, तो कृपया पुन्हा काढू नये. एजन्सीच्या पर्यवेक्षकांना मी फोन केला असून ते उद्या सकाळी येतो म्हणाले आहेत.

डी-१०१, दंतवैद्य (७.२४)
सचिव साहेब, उद्या सकाळपर्यंत थांबता येईल की नाही हे आधी ठरवावे लागेल. कोणीतरी आत्ता गेटवर जाऊन चार गोष्टी पाहून सांगाव्यात. मामांचे तोंड किती उघडते. उभी दोन बोटे दातांमध्ये जातात का? थुंकी गिळताना दुखते का, किंवा लाळ बाहेर गळते का? अंगात ताप आहे का? जिभेखालचा भाग वर उचलल्यासारखा किंवा आवाज जड झाल्यासारखा वाटतो का? त्याचबरोबर त्यांना मधुमेह आहे का, हेही विचारावे.

बी-३०२ (७.२५)
मी खाली जातो.

ए-१०३ (७.२६)
लिफ्टची दुरुस्ती होईपर्यंत मामांना नवी बत्तिशी येईल. 😀

ए-५०४ (७.२७)
दादा, माणूस तिकडे वेदनेने कळवळतो आहे. लिफ्टचे नंतर बघू.

बी-२०३ (७.२८)
लवंगेच्या तेलाबद्दल मी वर लिहिले आहे. कृपया सर्वांनी वाचावे.

सी-२०४ (७.३०)
त्यांना मंगळवारी गोळ्या मी दिल्या होत्या आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. माझी दाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घरात उरल्या होत्या. गुरुवारी मामा स्वतःच म्हणाले की ठणका पूर्ण थांबला. म्हणजे औषध लागू पडले, असाच त्याचा अर्थ होतो.

डी-१०१, दंतवैद्य (७.३८)
वहिनी, तुमचा हेतू चांगला होता याविषयी शंका नाही, पण ठणका थांबणे आणि दाढ बरी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाला संवेदना नसते, त्यामुळे कीड तिथे असते तोपर्यंत माणसाला काहीच कळत नाही. आवरणाखालच्या थरात अतिसूक्ष्म नलिका असतात. कीड तिथवर पोचली की गार पाणी किंवा गोड पदार्थ लागल्यावर चमक येते आणि काही क्षणांत जाते. या टप्प्यावर बहुधा साधे सिमेंट भरून काम भागते. पुढे कीड दाताच्या मध्यभागी असलेल्या, नस आणि रक्तवाहिन्यांच्या गाभ्यापर्यंत गेली की तो गाभा सुजतो. शरीरात इतरत्र सूज आली तर ती पसरायला जागा असते. इथे मात्र चहूबाजूंनी कठीण भिंती असल्यामुळे दाब वाढत जातो. म्हणूनच दुखणे कारण नसताना सुरू होते, गरम चहाने भडकते, बराच वेळ टिकते आणि रात्री आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढल्याने झोपू देत नाही. त्यानंतर एक दिवस ते अचानक थांबते, कारण आतली नस मेलेली असते. जंतुसंसर्ग मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत राहतो आणि काही दिवसांनी सुजेच्या रूपाने बाहेर दिसतो. मामांच्या बाबतीत मंगळवार, गुरुवार आणि आज हा क्रम तंतोतंत तसाच दिसतो.

सी-२०४ (७.४१)
मग डॉक्टर स्वतः प्रतिजैविके कशासाठी लिहून देतात?

डी-१०१, दंतवैद्य (७.४३)
संसर्ग दाताबाहेर पसरला असेल, ताप किंवा सूज असेल, तेव्हा ती मुख्य उपचाराच्या जोडीला देतात. मेलेल्या गाभ्यात रक्त पोचत नाही, त्यामुळे गोळीतले औषधही तिथे पोचत नाही. पू निघण्यास वाट करून देणे, रूट कॅनाल करणे किंवा दाढ काढणे, यांपैकी काहीतरी करावेच लागते. अर्धवट उरलेल्या गोळ्यांनी जंतू पुरते मरत नाहीत आणि पुढच्या वेळी तेच औषध निष्प्रभ ठरण्याचा धोका वाढतो.

बी-३०२ (७.४६)
मामांकडे जाऊन आलो. तोंडात जेमतेम एक बोट जाते. गिळताना दुखते म्हणून त्यांनी दुपारपासून फक्त पातळ वरण घेतले आहे. हात लावल्यावर अंग चांगलेच तापलेले लागते. जबड्याखाली दाबून पाहिले तर लाकडासारखे घट्ट लागते. मधुमेह आहे आणि त्याची गोळी दोन महिन्यांपासून बंद आहे. खणातल्या गोळ्यांचा फोटो पाठवत आहे.

डी-१०१, दंतवैद्य (७.४८)
दादा, त्यांना आत्ता रुग्णालयात न्यावे लागेल. दाताच्या दवाखान्यातले हे काम राहिलेले नाही. त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात थेट न्यावे. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि गळ्याकडे पसरला तर श्वासाचा मार्ग बंद होऊ शकतो आणि रक्तातील साखर वाढलेली असताना तो फार वेगाने पसरतो. वाटेत त्यांना बसवूनच न्यावे, आडवे झोपवू नये. निघण्यापूर्वीच श्वास लागत असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. गोळ्यांची पुडी बरोबर न्यावी. फोटोतील दोन पाकिटांवर नावे वेगळी असली तरी आत एकच वेदनाशामक आहे, म्हणजे त्यांच्या पोटात दुप्पट मात्रा जात होती. याचा जठरावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. तिथल्या डॉक्टरांना हे पहिल्यांदा सांगावे.

बी-३०२ (७.४९)
श्वास ठीक आहे. गाडी काढतो. ए-१०३, तुम्ही सोबत चला.

ए-१०३ (७.५०)
येतो आहे. केस पेपरसाठी त्यांचे आधार कार्ड घेतले आहे.

सी-६०६ (७.५४)
गेटवर आता कोण आहे, हेही कोणीतरी सांगावे. माणुसकी आम्हालाही आहे, परंतु सुरक्षेचे शुल्क प्रत्येकजण भरतो.

सचिव (७.५६)
एजन्सीचा बदली माणूस येईपर्यंत गेटवर मी स्वतः बसलो आहे.

बी-२०३ (७.५९)
रुग्णालयात निघण्यापूर्वी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला असता तर वाटेत आराम पडला असता.

डी-१०१, दंतवैद्य (८.०६)
काका, लवंगेच्या तेलातील युजेनॉल हा घटक नस तात्पुरती बधिर करतो, त्यामुळे तुमच्या घरचा अनुभव खोटा नाही. किडलेल्या दाढेवर थेंबभर तेल लावून एखादी रात्र काढणे ठीक आहे. परंतु ते हिरडीवर पुन्हा पुन्हा लावले तर तिथली कातडी भाजते आणि सुजेवर त्याचा काहीही उपयोग होत नाही. त्याहून वाईट म्हणजे अॅस्पिरिनची गोळी हिरडीपाशी दाबून धरणे. त्याने पांढरा चट्टा पडून जखम होते. गालावर गरम विटेचा शेकही देऊ नये. बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा आणि कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी, एवढेच घरी करण्यासारखे आहे. डोरलीच्या बियांची धुरी देऊन दाढेतून किडे काढून दाखवणारे अजूनही फिरतात. ते दाखवतात त्या बियांच्या धाग्यासारख्या कणांचा दाताशी काहीही संबंध नसतो.

बी-७०१ (८.१२)
डॉक्टर ताई, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. सासूबाईंच्या वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात आणि वाकून केर काढताना जास्त दुखतात. त्यांना आठवड्यापासून सर्दी आहे. वरची दाढ काढली तर दृष्टी जाते, असे त्यांच्या मनाने घेतले आहे, म्हणून त्या दवाखान्यात येण्यास तयार नाहीत.

डी-१०१, दंतवैद्य (८.१७)
वहिनी, वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीच्या अगदी लगत असतात. नाशिकच्या या दिवसांतल्या थंडीत सर्दीने ती पोकळी भरली की दाढाच दुखत आहेत असे वाटते. एका वेळी अनेक दाढा दुखणे आणि वाकल्यावर वाढणे, ही त्याचीच खूण आहे. सर्दी ओसरूनही दुखणे राहिले तर क्ष-किरण चित्र काढून पाहावे. दाढ काढण्याचा आणि दृष्टीचा काहीही संबंध नाही. डोळ्याची नस पूर्णपणे वेगळी आहे. त्यांना घेऊन या, मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. मात्र जिना चढताना जबडा दुखू लागला, बसल्यावर थांबला, सोबत घाम किंवा छातीत जडपणा असेल, तर दंतवैद्याकडे न येता हृदयाची तपासणी करावी. ज्येष्ठांच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी.

सी-६०६ (८.२३)
हे सर्व वाचून चांगले वाटते, पण शिबिरात माझ्या पत्नीला एकाच बैठकीत पाच दातांवर कॅप बसवण्याचा सल्ला दिला गेला होता. दुसरीकडे दाखवल्यावर एकाच दाताला उपचाराची गरज निघाली. मग सामान्य माणसाने विश्वास कोणावर ठेवायचा?

डी-१०१, दंतवैद्य (८.३०)
साहेब, तुमची तक्रार रास्त आहे आणि तिला सभेत नीट उत्तर मिळाले नाही, हे मलाही मान्य आहे. क्ष-किरण चित्र मागून घ्यावे, कोणत्या दातात काय दिसते ते बोट ठेवून दाखवण्यास सांगावे आणि सूज किंवा ताप नसेल तर दुसरे मत घेण्यास अजिबात संकोचू नये. खर्चाची अडचण असलेल्यांसाठी पंचवटीतील कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ अधिक लागतो, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. एका चांगल्या-वाईट अनुभवावरून दुखणे अंगावर काढत राहणे मात्र परवडत नाही. उत्स्फूर्त ठणका, चावल्यावर कळ, हिरडीवर पुवाचा फोड, दोन दिवसांत न थांबणारे कोणतेही दुखणे, यांसाठी लगेचची वेळ घ्यावी. ताप, पसरणारी सूज, तोंड न उघडणे, गिळता न येणे, यांसाठी त्याच रात्री निघावे.

सी-६०६ (८.३३)
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सभेत हे असे कोणी बोलले असते तर वाद वाढला नसता.

ए-५०४ (८.३५)
माझ्या सहा वर्षांच्या मुलीची सर्वांत मागची दाढ काळी पडली आहे. दुधाचीच आहे, पडून जाईल, असे घरात सर्वजण म्हणतात.

डी-१०१, दंतवैद्य (८.३८)
ताई, दुधाच्या दाढांच्याही मागे, एकही दात न पडता, साधारण सहाव्या वर्षी जी दाढ येते ती कायमची असते आणि ती पुन्हा येत नाही. ती तीच असण्याची शक्यता आहे. उद्या शाळा सुटल्यावर तिला घेऊन या.

बी-३०२ (रात्री १०.५२)
मामांना दाखल करून घेतले आहे. साखर फार वाढलेली निघाली. शिरेतून औषधे सुरू केली असून जबड्याखालचा पू काढला आहे. खालची शेवटची दाढ उद्या काढतील. दोन पाकिटांत एकच औषध असल्याचे सांगितल्यावर डॉक्टरांनी लगेच मूत्रपिंडाची तपासणी लावली. त्यांचा मुलगा सिन्नरहून निघाला आहे. ए-१०३ तो येईपर्यंत इथे थांबतील.

सी-२०४ (१०.५८)
मामांची साखरेची गोळी यापुढे दर महिन्याला आमच्याकडून येईल, डॉक्टर लिहून देतील तीच.

बी-२०३ (११.०१)
घरी परतल्यावर लवंगेचे तेल त्यांना अवश्य द्यावे.

डी-१०१, दंतवैद्य (११.०३)
काका, दाढ काढल्यानंतर त्या खड्ड्यात काहीही घालायचे नसते. तिथे रक्ताची गुठळी टिकली पाहिजे. ती निघाली तर दोन-चार दिवसांनी पहिल्यापेक्षा तीव्र वेदना सुरू होतात. त्यांनी तंबाखू आणि बिडीसुद्धा त्या दिवसांत टाळावी, हे तुम्ही समजावून सांगावे. ते तुमचे ऐकतात.

बी-२०३ (११.०५)
बरे. उद्या सकाळी डबा घेऊन जातो तेव्हा सांगतो.

सचिव (११.०९)
एजन्सी गैरहजेरीचा पगार कापेल, असे पर्यवेक्षकांनी सांगितले. ती रक्कम सोसायटीने देण्यास कोणाचा आक्षेप असल्यास उद्या दुपारपर्यंत कळवावे.

सी-६०६ (११.११)
आमच्याकडून आक्षेप नाही.