इंग्लंडमध्ये डिझाइन अँड टेक्नॉलॉजीचे शिक्षक होण्यासाठी तयारी कशी करावी?

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठाची मेकॅनिकल अभियांत्रिकीची पदवीधर असून कोल्हापुरात उद्यमनगरातील एका पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे धातूच्या ओतकामाचा साचा ज्यावरून घडवतात ते पॅटर्न बनवणाऱ्या कारखान्यात, काम करते. पतीच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडला जाणार आहोत आणि तेथील माध्यमिक शाळेत हा विषय शिकवण्याची माझी मनापासून इच्छा आहे. प्रशिक्षण कोणते लागते, आणि कारखान्यातला अनुभव उपयोगी पडेल का?

उत्तर १ : ताई, सरकारी शाळांसाठी साधारण एक वर्षाचे पीजीसीई (पदवीनंतरचा शिक्षक प्रशिक्षण अभ्यासक्रम) करून क्यूटीएस हा पात्र शिक्षकाचा दर्जा मिळवणे, हा रूढ मार्ग आहे. पदवीखेरीज इंग्रजी व गणितात जीसीएसई (तेथील साधारण दहावीसारखी शालान्त परीक्षा) हिच्या ग्रेड ४ इतकी पात्रता दाखवावी लागते. प्रशिक्षणाचे किमान १२० दिवस प्रत्यक्ष शाळांत जातात.

उत्तर २ : अनुभव मोलाचाच आहे. या विषयाच्या जीसीएसईत निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः गरज शोधून, रेखाटने काढून, नमुना घडवून व तपासून केलेल्या प्रकल्पाला असतात. साच्यातून पॅटर्न सहज निघावा म्हणून त्याला उतार का देतात, आणि थंड होताना धातू आकसतो म्हणून माप किंचित मोठे का ठेवतात, हे चौदा वर्षांच्या मुलांना हातात वस्तू देऊन समजावणारी शिक्षिका, माझ्या मते, फार दुर्मीळ असते. मात्र कापड आणि इलेक्ट्रॉनिक्स हेही याच विषयात येतात. त्यांचा अभ्यास येथूनच सुरू करावा.

प्रश्नकर्ती : मनःपूर्वक आभार. शिवणकाम येते, इलेक्ट्रॉनिक्सची उजळणी याच आठवड्यात सुरू करते.