मदत हवी आहे: सिझरच्या माहितीपत्रकासाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आशाताईंमार्फत वाडीवाडीत वाटायला एकपानी पत्रक करतोय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) प्रमाणे देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने, खासगीत ४७.४, सरकारीत १४.३. पण नुसते आकडे छापले तर गरज असतानाही बाया सिझरला नाही म्हणतील. वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडाशी खाली असेल, बाळ आडवं असेल, तर तो हट्ट जिवावर बेततो.

म्हणून भर डिस्चार्ज कार्डावर: सिझर कशासाठी झालं, गर्भाशयावरची चीर आडवी की उभी. पोटावरच्या टाक्यांवरून आतली चीर कळत नाही. नोंद नसली की पुढच्या खेपेला डॉक्टर नॉर्मलला कचरतात.

अडलंय ते माहिती अधिकारात सिझरचे आकडे मागवण्यात. १५० शब्द, एकच विषय, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस, हे ठाऊक आहे. रॉब्सनच्या १० गटांचे (सिझरचं प्रमाण तपासायला बाळंतिणींची केलेली वर्गवारी) आकडे मागितले आणि तशी वर्गवारीच नसेल, तर ‘उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येणार. त्यापेक्षा खेप, आधीचं सिझर, आठवडे, बाळ डोक्याने की पायाळू, एक की जुळं, कळा आपसूक की औषधाने, हे मागितलं तर? प्रसूती रजिस्टरात यातले कोणते रकाने खरंच भरलेले असतात?

आणि मालवणी मजकूर कोण तपासून देईल? गणपतीला चाकरमानी येतात, त्याआधी छापायचंय.