रेंजवर शेजारच्या लेनमधला बेफिकीर असेल तर नेमकं काय करायचं?

दहामीटर
मंडळी, सल्ला हवाय. नेमबाजीची सामायिक इनडोअर रेंज, १० मीटर एअर रायफल, आणि उजवीकडच्या लेनवर पिस्तूलवाले. चार गोष्टी सतत होतात. एक, पेलेट (एअर गनची छोटी गोळी) भरलेलं पिस्तूल हातात असतानाच मागच्या मित्राशी वळून बोलणं. दोन, कुणी पुढे टार्गेटचा कागद बदलायला गेलेलं असताना टेबलावरच्या बंदुकीला हात लावणं. तीन, स्पीकरवर फोन आणि मागे गप्पा. चार, न मागता दिलेले सल्ले. रेंज ऑफिसर असतात, पण बराच वेळ आत ऑफिसात. भांडण नको आहे आणि सरावही सोडायचा नाही. यातलं काय जागच्या जागी थांबवायचं, काय नंतर बोलायचं, आणि कोणत्या शब्दांत?

केशरीफ्लॅग
या चारही गोष्टींना एका पंक्तीत बसवू नका. पहिल्या दोन गोष्टी धोक्याच्या आहेत, उरलेल्या दोन त्रासाच्या. धोक्याच्या वेळी ओळख, वय, हुद्दा काही बघायचं नाही आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत थांबायचंही नाही. "स्टॉप" हा शब्द लाइनवरचा कुणीही उच्चारू शकतो, अगदी नवशिक्याही.

ओरडायचं ते एकदाच, मोठ्यांदा, फक्त "स्टॉप!" नाव घेऊन हाक मारू नका. नाव ऐकलं की माणूस हाकेच्या दिशेला वळतो आणि हातातली नळीही त्याच्याबरोबर वळते. याच कारणासाठी खांद्यावर थाप मारायची नाही, कोपर धरायचं नाही, पिस्तूल खाली दाबायला जायचं नाही. नळी तुमच्याकडे आलीच तर तिच्या रेषेतून बाजूला आणि मागे सरका.

ओरडताना तुमची स्वतःची रायफल टार्गेटकडेच राहू द्या आणि बोट ट्रिगरवरून काढा. मग बोल्ट उघडा. पेलेट आधीच आत गेलेलं असेल तर एअर रायफलमधून ते काडतुसासारखं मागे ओढून काढता येत नाही. तसं सांगा आणि ऑफिसरच्या परवानगीने, पुढे कुणी नसल्याची खात्री झाल्यावरच, ते ट्रॅपमध्ये, म्हणजे टार्गेटमागच्या गोळ्या अडवणाऱ्या पेटीत, झाडा. त्यानंतर सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याचं दाखवणारी ठळक रंगाची दोरी, नळीत घाला. एअर गनचा फ्लॅग नळीच्या पूर्ण लांबीइतका लागतो, दोन्ही टोकांना दिसला पाहिजे. चेंबरमध्ये, म्हणजे गोळी भरायच्या जागेत, नुसता खोचलेला तुकडा नळी रिकामी असल्याचं दाखवत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर तर अजिबात सूट देऊ नका. माणूस पुढे गेलेला असताना सगळ्या बंदुका टेबलावर, बोल्ट उघडे, फ्लॅग आत, आणि सगळी माणसं फायरिंग लाइनपासून एक पाऊल मागे. "फक्त पुसत होतो", "साइट बघत होतो", "सिलिंडर बदलत होतो" यातलं एकही कारण चालत नाही. पुढे जाणाऱ्यानेही निघण्याआधी प्रत्येक लेनमधला फ्लॅग स्वतःच्या डोळ्यांनी बघावा.

सौम्यपणे सुरुवात करायची असेल तर सगळ्यांत सोपं वाक्य, "जरा फ्लॅग घालता का?" यात आरोप नाही, कृती आहे, आणि बहुतेक लोक निमूटपणे ऐकतात.

चौथीलेन
वरच्याशी पूर्ण सहमत. मी त्रासाच्या बाजूचं लिहितो.

आधी उभं राहण्याची दिशा. उजव्या हाताच्या रायफलवाल्याचा डावा खांदा टार्गेटकडे असतो, म्हणजे छाती उजव्या लेनकडे. उजव्या हाताच्या पिस्तूलवाल्याचा उजवा खांदा पुढे, म्हणजे छाती डावीकडे. तुमच्या उजवीकडे पिस्तूलवाला असल्यामुळे तुम्ही दोघं समोरासमोर येता आणि त्याची प्रत्येक हालचाल तुमच्या नजरेच्या कडेला दिसते. जागा बदला. तो तुमच्या डावीकडे गेला की दोघांच्या पाठी एकमेकांकडे होतात आणि निम्मा त्रास न बोलता संपतो. डावखुऱ्यांचं याच्या उलट.

ज्या डोळ्याने नेम धरत नाही त्याच्यासमोरची, नजर झाकणारी पट्टी स्पर्धेत ३० मिमीपर्यंत रुंद चालते. ती दुधी रंगाची घ्या. काळ्या पट्टीमागे तो डोळा अंधारात जातो, बाहुली मोठी होते आणि नेम धरणाऱ्या डोळ्याची बाहुलीही तिच्याबरोबर बदलते.

आता आवाज. सलग आवाजाने शॉट फारसा बिघडत नाही; मोठ्या स्पर्धांच्या फायनलमध्ये संगीत आणि टाळ्या असतातच. बिघडतो तो अचानक आलेल्या आवाजाने, कारण ट्रिगरच्या पहिल्या टप्प्यावर टेकलेलं बोट दचकतं. फोमचे इअर प्लग वापरा. बोळा बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. बाहेर लोंबणारा प्लग काही कामाचा नाही. गाणी वाजवणारे इअरफोन मात्र नकोत. स्पर्धेत ते चालत नाहीत आणि "स्टॉप" ऐकू येत नाही, हे जास्त महत्त्वाचं.

होल्ड चालू असताना, म्हणजे नेम धरून रायफल स्थिर ठेवलेली असताना, व्यत्यय आला तर शॉट रेटू नका. ८-१० सेकंदांपुढे डोळा जुनंच चित्र बघत राहतो. रायफल खाली घ्या, दोन श्वास, पुन्हा सुरुवात. स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉट्सना ७५ मिनिटं मिळतात, एक शॉट सोडून दिल्याने वेळ कमी पडत नाही.

गप्पांबद्दल बोलायचं असेल तर नेमबाजाशी बोलू नका, मागे उभ्या मित्राशी बोला. त्याच्या हातात काही नसतं आणि बहुतेकदा त्याला नियम कुणी सांगितलेलेच नसतात. "तुम्ही बोललात की ते वळतात, आणि पिस्तूलही वळतं" एवढं पुरतं. नेमबाजाशीच बोलायचं असेल तर त्याची दहा शॉटची मालिका संपून पिस्तूल टेबलावर आलं की.

दहामीटर
जागा बदलायचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार. पण ऑफिसरच "चालतं हो" म्हणाले तर? आणि सल्लागार मंडळींचं काय?

नोंदवही
"चालतं हो" हे उत्तर तोंडी तक्रारीला मिळतं. कागदावर द्या. तारीख, वेळ, लेन क्रमांक, नळी कुठल्या दिशेला होती, फ्लॅग होता की नाही, पुढे कुणी होतं का. बस. "उद्धट", "बेजबाबदार" अशी विशेषणं लिहिली की चर्चा त्या माणसाच्या स्वभावावर जाते आणि नळी बाजूला राहते. आधी ऑफिसर, मग क्लबचे सचिव. पुरावा म्हणून फोन काढून चित्रण करू नका, लाइनवर फोन नको हीच तर तुमची तक्रार आहे.

तक्रारीसोबत मागणीही लिहा. लाइनमागे जमिनीवर ठळक पट्टा, पुढे कुणी गेलं की लागणारा लाल दिवा, प्रत्येक टेबलावर एक जादा फ्लॅग. जमल्यास दोरीवर किंवा मोटरवर मागे येणारी टार्गेट, म्हणजे पुढे जाण्याचं कारणच उरत नाही. माणसं सुधारण्यापेक्षा ही व्यवस्था लवकर होते, असं माझं ठाम मत आहे.

सल्लागारांना एकच वाक्य: "सध्या कोचनी एकच गोष्ट करायला सांगितली आहे, तीच करतोय." त्याच्या सल्ल्यावर वाद घालू नका, वाद घातला की तो शेजारी ठाण मांडतो. मात्र बंदुकीला हात लावू देऊ नका. पिस्तूलवाल्यांनी विशेष जपावं. एअर पिस्तूलचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन उचलायला हवा. कुणी कौतुकाने स्क्रू फिरवून तो हलका करून दिला तर स्पर्धेच्या तपासणीत तुम्ही अडकता.

आणखी एक, शेजाऱ्याचा शॉट तुमच्या टार्गेटवर पडला तर पुढचा शॉट घेण्याआधी ऑफिसरला सांगा. दोन छिद्रं झाल्यावर कुणाचं कुठलं हे ठरवणं कठीण होतं.

पॉइंटटूटू
काडतुसांच्या रेंजवर जाणाऱ्यांसाठी थोडी भर. बहुतेक रायफली रिकामं केस (गोळी सुटल्यावर उरलेलं काडतुसाचं कवच) उजवीकडे फेकतात, म्हणून असा शेजारी असेल तर त्याच्या डावीकडची लेन मागा किंवा मध्ये पडदा लावायला सांगा. गरम केस कॉलरमध्ये पडलं तर आधी बोट बाहेर, नळी टार्गेटकडे, बंदूक टेबलावर, आणि मग शर्ट झटका. भाजणं परवडतं, भरलेली बंदूक घेऊन उड्या मारणं नाही.

मझल ब्रेकवाल्याच्या (नळीच्या टोकाला धक्का कमी करणारा जोड लावलेल्याच्या) शेजारी प्लग आणि इअर मफ दोन्ही लावा. दुसऱ्या थराने साधारण ५ डेसिबलच वाढतात, पण तिथे तेवढेही हवे असतात. त्याला टोकाची लेन द्यायला ऑफिसरला सांगा. त्या ब्रेकमधून वायू बाजूलाच फेकला जातो, त्याने कितीही सौजन्य दाखवलं तरी.

शेजाऱ्याचं काडतूस उडालं नाही आणि तो लगेच बोल्ट उघडायला लागला तर थांबवा. नळी टार्गेटकडे ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं, उशिराने पेटण्याची शक्यता असते. आणि नेहमीच्या आवाजाऐवजी नुसता "फुस्स" आला तर पुढची गोळी भरण्याआधी "स्टॉप" म्हणा. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते. बंदूक रिकामी करून, बोल्ट काढून नळी तपासल्याशिवाय पुढचा शॉट नाही.