मदत हवी आहे: कडुनिंबाच्या सावलीतील लव्हाळ्याची ओळख

नागपुरात आमच्या घरामागे कडुनिंबाची दाट सावली आहे आणि तिथे हरळी काही केल्या टिकत नाही. मात्र यंदाच्या पावसाळ्यात त्याच जागी गवतासारखी दिसणारी एक वनस्पती आपोआप पसरली आहे. तिचा दांडा बोटांत फिरवला असता तीन धारा स्पष्ट जाणवतात, त्यामुळे ती गवत नसून लव्हाळ्याच्या कुळातील असावी, याविषयी मला शंका नाही. शेंड्यावर मण्याएवढा पांढरा गोल तुरा असून त्याखाली तीन-चार लांब पाने पसरलेली आहेत.

प्रथम मला ती नागरमोथाच वाटली (विदर्भात शेतातला मोथा कोण ओळखत नाही!), पण नागरमोथ्याला मोकळे ऊन लागते, त्याचा तुरा तांबूस व विस्कटलेला असतो आणि मुळांना गाठी येतात. येथे खणून पाहिले, तर गाठी नाहीत, केवळ जमिनीलगत सरपटणारे खोड आहे. वर्णनावरून ही ‘कायलिंगा नेमोरॅलिस’ असावी असे वाटते. नावातील ‘नेमोरॅलिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘वनराईतील’ असा आहे. तिच्या जवळच्या ‘कायलिंगा ब्रेव्हिफोलिया’चा तुरा हिरवट असतो, म्हणून ती मी वगळली आहे.

माझी ओळख बरोबर आहे का? सेमिनरी हिल्सच्या झाडीत किंवा अंबाझरी परिसरात ही कोणी पाहिली आहे का? आणि मुख्य म्हणजे, हरळीऐवजी ती मुद्दाम राखली, तर पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात काळ्या मातीत किती पाणी द्यावे लागेल?