प्रति: फोनवरचा पक्ष

'फोनवर गुरुजी ठेवून केलेलं श्राद्ध खरं नव्हे' असं वर एकांनी लिहिलंय. शास्त्र जाणकारांनी सांगावं, पण २०२० साली पर्याय काय होता? घरच्या गणपतीला दोन फुटांची मर्यादा, लालबागच्या राजाची तर मूर्तीच नाही, आणि गणपती गेल्यावर लगेच पितृपक्ष.

आजोबांचा पक्ष, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, एरवी काकांकडे चिपळूणला. त्या वर्षी जो तो आपापल्या घरी. आमचा फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला. रेंज गेली की संकल्प अर्ध्यावर, मग गुरुजी पुन्हा गोत्रापासून सुरू. आईने मात्र भाजणीचे वडे, आमसुलाची चटणी, गव्हल्यांची खीर, काहीच सोडलं नाही. सोसायटीने गच्चीला कुलूप लावलेलं, म्हणून पान खिडकीच्या ग्रिलवर. कावळा वेळेवर आला. (त्याला कसला लॉकडाऊन!)

आणखी एक. सर्वपित्री १७ सप्टेंबरला झाली नि मध्ये अधिक आश्विन आल्याने घट बसले थेट १७ ऑक्टोबरला. एरवी दुसऱ्याच दिवशी रांगोळी काढायची असते. ज्यांच्या घरात माणूस गेलं होतं, त्यांना हा महिना बरा पडला असावा.

कॅनडातली आत्या मात्र लग्नानंतर पहिल्यांदाच वडलांच्या पक्षाला 'हजर' होती. ते श्राद्ध खोटं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.